बारा व्होल्ट

चावीचं बटण दाबलं. गाडी गप्प.
पुन्हा दाबलं. आरसे मिटलेलेच,
कान पाडून बसलेल्या गाढवासारखे.
मुलुंड पूर्व, पहाटेचे साडेपाच,
स्टिल्टखाली एक ट्यूबलाइट तेवढी चरचरत होती
आणि मला साडेसहाला ऐरोलीत हवं होतं,
वन्संच्या डोळ्यावरची पट्टी काढायची होती.

मोबाइलवर शेवटची नोंद: चार्ज अठ्ठ्याहत्तर टक्के.
लोणावळ्याला जाऊन परत यावं एवढं बळ पोटात
आणि दाराची कडी काढायला त्राण नाही.

एकोणीस दिवस मी कराडला होते, भाचीच्या बाळंतपणाला.

चावीच्या पोटात एक चावी असते, खरी, दात असलेली.
नखाने ती ओढून काढली, हँडलचं टोपण उचकटलं.
दार उघडलं, पण दिवा नाही,
ते ओळखीचं टिंग नाही.
मिनिटभर बसून राहिले अंधारात,
स्वतःच्याच गाडीत चोरासारखी.

बॉनेटखाली नारिंगी जाड वायरी, त्यांना हात लावायचा नाही.
आणि कोपऱ्यात ही, जेवणाच्या डब्याएवढी,
पेट्रोलच्या गाडीत असते तश्शीच.
मोठीला हाक मारायचं काम हिचं.
ही मेली की मोठी भरल्या पोटी झोपून राहते.

अठ्ठावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी.
अख्ख्या मुलुंडचे दिवे गेले तरी
रिसीव्हर उचलला की गूंऽऽ,
ते आमचे अठ्ठेचाळीस व्होल्ट.
मला बॅटरी शिकवू नका, म्हणाले होते सोसायटीच्या सभेत
केणींना, तीन वर्षांपूर्वी,
माझ्या चार्जरला ते आडवे आले तेव्हा.
“उद्या आग लागली तर?”
तेव्हापासून लिफ्टमध्ये आम्ही दोघं
मजल्यांचे आकडे बघत उभे.

आणि जंपर केबल अख्ख्या बिल्डिंगमध्ये त्यांच्याच डिकीत.

बेल वाजवायला मला चार मिनिटं लागली.
अर्ध्या गालावर दाढीचा फेस.
मी म्हणाले, “बारा व्होल्ट.”
ते म्हणाले, “आलो.”

त्यांची सतरा वर्षांची पेट्रोल गाडी खोकत आली,
माझ्या गाडीच्या नाकाला नाक लावून थांबली.
लाल लालला.
काळी तिकडे वजाला, इकडे मात्र बॅटरीला नाही,
उघड्या लोखंडाला. “अंगाला लावा, अंगाला.”
“ठाऊक आहे,” मी म्हणाले.
तोवर त्यांनी लावलीच.
टिचकीएवढी ठिणगी.
आरसे उलगडले, आधी डावा. पडदा उजळला.

“संपली कशाने?”
कॅमेऱ्याने. काचेवरचा तो चिमुकला डॅशकॅम,
गाडी उभी असतानाही जागा राहणारा.
मीच तसा लावलेला, कुणी ओरखडा काढू नये म्हणून.
खरं म्हणजे केणींनी काढू नये म्हणून.
“काय की,” मी म्हणाले.

ऐरोलीत वन्सं आत गेल्या.
गाडी चालूच ठेवली, छोटीचं पोट भरायला तासभर लागतो.
कॅमेऱ्याचं कार्ड मोबाइलला जोडलं.
खांब. खांब. मांजर. खांब.
रात्रीचे अकरा: केणी, हातात टॉर्च, मुठीत काही पांढरं.
वाकतात, बॉनेटपलीकडे नाहीसे होतात,
उठतात, गुडघा चोळत जातात.
पाचव्या रात्री पुन्हा. नवव्या. तेराव्या.
चौदाव्यापासून काही नाही.

उतरून पाहिलं. पुढच्या जाळीमागे
सुतळीने बांधलेली पुरचुंडी,
आत डांबराच्या गोळ्या. उंदीर वायरी कुरतडतात ना.
वास मला पहाटेच आला होता,
वाटलं, त्यांच्या कपाटातल्या सदऱ्याचा.

वन्सं आल्या पायऱ्या चाचपत,
मग चाचपायचं थांबवून.
गाडीसमोर उभ्या राहिल्या.
“अगं, ही निळी आहे होय?
मी आपली करडीच समजत होते.”

बसा, म्हणाले, बेल्ट वरून ओढा.
गाडी अजून बंद केली नव्हती.